एफ-२ दाबलं की स्क्रीन उजळते: लिनक्सवर नव्या कीबोर्डची फंक्शन बटणं ताळ्यावर आणताना

रविवारी दुपारी आत्तेभावाचा फोन आला. नवा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला होता, लॅपटॉपवर डेबियन १२. "दादा, कॅल्कमध्ये सेल एडिट करायला एफ-२ दाबतो तर स्क्रीनच उजळते. एफ-१२ दाबलं की आवाज वाढतो. एफएन धरून दाबलं तरी तेच. ही बटणं काय शोभेची आहेत का?"

तोवर त्याने नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्ज दोनदा पालथ्या घातल्या होत्या, बायोसमध्ये जाऊन आला होता आणि कीबोर्ड परत करायच्या बेतात होता. त्याला म्हटलं, खोकं फेकू नकोस, पण परतही करू नकोस. कीबोर्ड धडधाकट आहे. त्याने नाव दुसऱ्याचं सांगितलंय, एवढंच.

पुढचं सगळं मी त्याला फोनवर सांगितलं तसंच इथे लिहितोय, त्यामुळे कमांडही उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून आणि आकडे इंग्रजी टाकून लिहायच्या. जिथे उच्चारावरून स्पेलिंग चुकू शकतं तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

नाव उसनं घेतलेला कीबोर्ड

यूएसबीवर जोडलेलं प्रत्येक उपकरण संगणकाला दोन आकडे सांगतं: बनवणाऱ्याचा आणि वस्तूचा. ०५एसी हा बनवणाऱ्याचा आकडा ॲपलचा. बाजारातले बरेच मेकॅनिकल कीबोर्ड हाच आकडा लावून येतात आणि त्यापुढे ०२४एफ. हा ॲपलच्या ॲल्युमिनियम कीबोर्डचा वस्तू-आकडा आहे. मॅकला जोडल्यावर सगळं आपोआप ओळखलं जावं, तर हा सोपा मार्ग.

लिनक्स मात्र हे नाव मनावर घेतं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ॲपलच्या कीबोर्डांसाठी एचआयडी-ॲपल नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे. ०५एसी आणि सोबत ओळखीचा वस्तू-आकडा दिसला की तो पुढे येतो आणि वरच्या ओळीचा अर्थ ॲपलच्या पद्धतीने लावतो: एफ-१ आणि एफ-२ म्हणजे उजेड कमी-जास्त, एफ-७ ते एफ-९ म्हणजे गाणं मागे, थांबव, पुढे, आणि एफ-१० ते एफ-१२ म्हणजे आवाज. खरं एफ-२ हवं असेल तर एफएन धरायचं. खऱ्या ॲपल कीबोर्डवर हे ठीक चालतं, कारण तिथे एफएन दाबल्याची खबर कर्नलपर्यंत पोहोचते.

उसन्या नावाच्या कीबोर्डवर नेमकी इथेच गाडी अडते. विंडोज मोडमध्ये त्याचं एफएन बटण कीबोर्डच्या आतल्या चिपपुरतंच असतं, संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. ड्रायव्हर एफएनची वाट बघतो आणि ते कधीच येत नाही. म्हणजे एफ-१ ते एफ-१२ कुठल्याच मार्गाने मिळत नाहीत. भावाची "एफएन धरलं तरी तेच" ही तक्रार शब्दशः खरी होती: नुसतं एफ-२ दाबलं की ड्रायव्हर त्याचं उजेडात रूपांतर करत होता, आणि एफएन धरून दाबलं की चिपच उजेडाचा संकेत पाठवत होती.

कमांडच्या आधी एक साधी गोष्ट

कीबोर्डच्या कडेला किंवा मागे विंडोज आणि मॅक असं लिहिलेलं छोटं सरकतं बटण असेल तर ते मॅककडे सरकवून एफएन धरून एफ-२ दाबून बघा. भावाच्या कीबोर्डवर लगेच सेल एडिट झाली. मॅक मोडमध्ये एफएनची खबर बाहेर जाते, म्हणून. रोगाचं निदान इथेच निम्मं झालं.

पण हा उपाय नव्हे. मॅक मोडमध्ये ऑल्ट आणि विंडोज बटणांची अदलाबदल होते आणि दर वेळी एफएन धरणं हिशेबाच्या माणसाला परवडत नाही. बटण परत विंडोजकडे सरकवा आणि यापुढे तिथेच राहू द्या.

आणखी एक: काही कीबोर्डांवर चिपमध्येच वरच्या ओळीची अदलाबदल करायची सोय असते. कीक्रॉनच्या बऱ्याच मॉडेल्सवर एफएन, एक्स आणि एल ही तीन बटणं चार सेकंद धरली की ती होते. माहितीपत्रकात बघून घ्या. मात्र ही सोय आणि ड्रायव्हरची सेटिंग एकाच वेळी बदलू नका. दोन्ही बदललं की कशामुळे काय झालं हे कळत नाही, आणि मग संध्याकाळ त्यातच जाते.

ओळख परेड

टर्मिनल उघडा आणि लिहा:

एल-एस-यू-एस-बी

यादी येईल. भावाने वाचून दाखवली आणि मध्येच थबकला. "अरे, इथे ॲपल इंक लिहिलंय. माझ्याकडे ॲपलचा चार्जरसुद्धा नाही!" ओळीत ०५एसी:०२४एफ होतं. तुमच्याकडे शेवटचा आकडा थोडा वेगळा असू शकतो, उदाहरणार्थ ०२५०. पहिला भाग ०५एसी आहे का, एवढंच बघायचं.

आता ड्रायव्हर कोणता लागलाय ते (सुडो, म्हणजे एस-यू-डी-ओ, पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवतं):

सुडो डी-एम-ई-एस-जी | जी-आर-ई-पी -आय ०५एसी

कीबोर्डच्या ओळीची सुरुवात 'ॲपल' अशी असेल आणि पुढे तोच आकडा असेल, तर तुमचा आजार हाच. सुरुवात एचआयडी-जेनेरिक अशी असेल तर ॲपल ड्रायव्हरचा काही संबंध नाही, लेखाच्या शेवटाकडे जा. याच ओळीत चौकटी कंसात कीबोर्डचं नाव असतं. ते कागदावर उतरवून घ्या, पुढे लागणार आहे.

ब्लूटूथवर जोडत असाल तर एलएसयूएसबीच्या यादीत कीबोर्ड दिसणार नाही. तेव्हा /पी-आर-ओ-सी/बस/इनपुट/डिव्हायसेस ही फाइल कॅट कमांडने वाचा, त्यात व्हेंडर आणि प्रॉडक्ट हे दोन आकडे मिळतील. वायर आणि ब्लूटूथ या दोन्हींवर एकच कीबोर्ड वेगवेगळी ओळख सांगू शकतो, म्हणून ज्या पद्धतीने रोज वापरणार त्याच पद्धतीने जोडून तपासा.

कोण बदलतंय, चिप की ड्रायव्हर?

घाई असेल तर हा भाग सोडा. पण पुढचा उपाय लागू पडला नाही तर इथे परत यावं लागेल.

इव्हीटेस्ट (ई-व्ही-टी-ई-एस-टी) नावाचं छोटं साधन आहे. डेबियन-उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल इव्हीटेस्ट' असं करून ते घ्या आणि 'सुडो इव्हीटेस्ट' चालवा. उपकरणांची यादी येते, आपल्या कीबोर्डचा आकडा टाका. एकाच कीबोर्डच्या दोन-तीन नोंदी दिसतील. पहिली निवडून बटण दाबा, काही उमटलं नाही तर पुढची.

आता एफ-१० दाबा. सगळं नीट असेल तर कोड ६८, म्हणजे की-एफ-१०, दिसेल. बिघडलेलं असेल तर कोड ११३, म्हणजे की-म्यूट. खरी गंमत त्याच्या वरच्या ओळीत आहे, जिथे एमएससी-स्कॅन लिहिलेलं असतं. हा कीबोर्डकडून आलेला मूळ संकेत. तिथे ७००४३ असेल तर कीबोर्डने इमानदारीत एफ-१० च पाठवलं होतं आणि वाटेत ड्रायव्हरने त्याचं म्यूट केलं. सी००ई२ असेल तर कीबोर्डच्या चिपनेच म्यूट पाठवलंय, ड्रायव्हर निर्दोष. जुन्या कर्नलवर ड्रायव्हरने बदललेल्या बटणासाठी स्कॅनची ओळच येत नाही. म्हणजे म्यूट दिसलं आणि वर स्कॅन नाही, तर तेही ड्रायव्हरचंच काम समजा.

भावाच्या पडद्यावर नुसत्या एफ-१० ला ७००४३ होतं, आणि एफएनसकट दाबल्यावर सी००ई२. वर म्हटलेली दोन्ही माणसं, ड्रायव्हर आणि चिप, एकाच ठिकाणी रंगेहाथ सापडली.

बाहेर पडायला कंट्रोल-सी.

एक आकडा बदलायचा

ड्रायव्हरच्या या वागण्यावर एफएनमोड नावाची एक खुंटी आहे. ती आत्ता कुठे आहे ते बघू:

कॅट /एस-वाय-एस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/पॅरामीटर्स/एफएनमोड

इथे भावाची पहिली चूक झाली. "फाइलच नाही म्हणतंय." त्याने एचआयडी आणि ॲपल यांच्यामध्ये आडवी रेघ टाकली होती. इथे खालची रेघ, अंडरस्कोर, हवी. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोब कमांडला दोन्ही रेघा सारख्याच, पण हा फाइलचा पत्ता आहे, पत्त्यात सूट नाही.

उत्तरात एकच आकडा येतो. ० म्हणजे एफएनची भानगडच बंद. १ म्हणजे आधी उजेड-आवाज, एफएन धरल्यावर एफ बटणं. २ म्हणजे आधी एफ बटणं, एफएन धरल्यावर उजेड-आवाज. ३ म्हणजे तूच ठरव. तुमच्या कर्नलला नेमके कोणते आकडे चालतात ते 'मॉडइन्फो -पी एचआयडी_ॲपल' या कमांडने कळतं.

वर्षानुवर्षं मूळ आकडा १ होता. २०२२ मध्ये कर्नलमध्ये ३ ची भर पडली आणि तोच मूळ झाला. त्याला निमित्त कीक्रॉनच्या सी आणि के मालिकेतले कीबोर्ड होते, कारण तेच मोठ्या संख्येने या घोळात सापडत होते. ३ वर असताना ड्रायव्हर कीबोर्डचं नाव वाचतो. त्याच्याकडे 'हे खरे ॲपल नव्हेत' अशी एक यादी असते. कीक्रॉन, सोनिक्सच्या चिपवरचे काही, गॅन्स, हेलक अशी नावं तिच्यात आहेत आणि नव्या कर्नलबरोबर ती वाढत जाते. नावाची सुरुवात यादीतल्या नावाशी जुळली तर तो २ सारखा वागतो, नाहीतर १ सारखा.

भावाकडे उत्तर आलं ३. तरीही बटणं उलटी. कागदावर उतरवलेलं नाव बघितलं, ते कुठल्याशा अनोळखी कारखान्याचं होतं, यादीत नसलेलं. ड्रायव्हरने त्याला खराखुरा ॲपल मानलं आणि १ लावला. म्हणून '३ आहे म्हणजे सगळं आपोआप होईल' यावर विसंबू नका.

आता बदलू:

इको २ | सुडो टी-ई-ई /एस-वाय-एस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/पॅरामीटर्स/एफएनमोड

मधली उभी रेघ महत्त्वाची. बरेच जण 'सुडो इको २' लिहून पुढे 'पेक्षा मोठे' चं चिन्ह लावतात आणि परवानगी नाकारल्याचा संदेश बघत बसतात. सुडो तिथे फक्त इकोला मिळतं. फाइलमध्ये लिहिण्याचं काम तुमचंच साधं शेल करत असतं, त्याला अधिकार नसतो. टी-ई-ई ला सुडो दिलं की लिहिणारा हातच अधिकाराचा होतो.

रीस्टार्टची गरज नाही. एंटर मारा आणि एफ-२ दाबा. फोनवर पलीकडून "झालं!" असं ऐकू आलं. त्याने लगेच एफ-७ दाबून शुद्धलेखन तपासणी उघडते का तेही पाहिलं. उघडली.

० घालावा की २, असं विचारलं जातं. विंडोज मोडमधल्या अशा कीबोर्डवर दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच, कारण एफएनची खबर येतच नाही. मी २ घालतो: कधी बटण मॅककडे सरकलंच, तर एफएन धरून आवाज कमी करता येतो. ० वर ती सोय जाते.

कायमचं करायचं तर

वरचा बदल रीस्टार्ट केला की पुसला जातो, आणि ते चांगलंच आहे: काही बिघडलं तर मशीन बंद करून चालू करायचं, बस्स. समाधान झालं की मगच पुढे जा.

नॅनो किंवा तुमच्या आवडीच्या एडिटरने सुडोसकट ही फाइल उघडा:

/ई-टी-सी/मॉडप्रोब.डी/एचआयडी_ॲपल.सी-ओ-एन-एफ

फाइल नसेल तर नवी तयार होईल. आत एकच ओळ:

ऑप्शन्स एचआयडी_ॲपल एफएनमोड=२

बरोबर-चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा नको. शेवटचं सी-ओ-एन-एफ विसरलात तर फाइल वाचलीच जात नाही, आणि तसा इशाराही कुणी देत नाही.

इथेच थांबणाऱ्यांची गाडी पुढच्या रीस्टार्टला पुन्हा मूळ पदावर येते. कारण असं: मशीन चालू होताना मुख्य डिस्क उघडण्याआधी एक छोटी तात्पुरती फाइलप्रणाली मेमरीत येते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. डिस्कचा पासवर्ड टाकता यावा म्हणून कीबोर्डचे ड्रायव्हर बहुधा तिथूनच सुरू होतात, आणि तिच्यात ई-टी-सी मधल्या सेटिंग्जची जुनी नक्कल असते. तुम्ही मूळ फाइल बदललीत, नक्कल तशीच राहिली. ती नव्याने बनवायला लागते.

डेबियन, उबुंटू, मिंटवर: सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

फेडोरावर: सुडो डी-आर-ए-सी-यू-टी --फोर्स

आर्चवर: सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी (नावात मध्ये रेघ नाही), आणि इथला पी कॅपिटल. याच कमांडच्या सेटिंग्ज-फाइलमधल्या हुकांच्या यादीत मॉडकॉन्फ आहे याचीही खात्री करा.

मग रीस्टार्ट, आणि पुन्हा तीच कॅट कमांड. २ आलं पाहिजे.

दुसरा मार्ग कर्नलच्या कमांड-ओळीचा. मॉडइन्फोने फाइलच्या नावाच्या जागी 'बिल्टइन' दाखवलं, तर ड्रायव्हर कर्नलमध्येच शिवलेला आहे आणि मॉडप्रोबची फाइल त्याला दिसत नाही. तेव्हा हाच एक मार्ग. /ई-टी-सी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये जी-आर-यू-बी_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट ही ओळ असते (इथे सगळी अक्षरं कॅपिटल). तिच्या अवतरणचिन्हांच्या आत, आधीच्या मजकुरानंतर मोकळी जागा सोडून, एचआयडी_ॲपल.एफएनमोड=२ जोडा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या बदल न होऊ देणाऱ्या प्रणालींवर 'आरपीएम-ओएसट्री के-ए-आर-जी-एस --अपेंड=एचआयडी_ॲपल.एफएनमोड=२' हे सोपं पडतं. निक्सओएसवाल्यांनी त्यांच्या कॉन्फिगरेशनमधल्या बूट.एक्स्ट्रामॉडप्रोबकॉन्फिग मध्ये तीच ऑप्शन्सची ओळ टाकावी. अर्थात त्यांना हे माझ्याआधी ठाऊक असणार.

ॲपलचं नाव न सांगणारे

सगळेच कीबोर्ड उसन्या नावाचे नसतात. कीक्रॉनचेच क्यू आणि व्ही मालिकेतले कीबोर्ड स्वतःचा ३४३४ हा आकडा सांगतात. तिथे एचआयडी-ॲपल जवळही येत नाही, एफएनमोड कितीही फिरवा, ढिम्म. त्यांच्या चिपमधला प्रोग्राम (फर्मवेअर) क्यूएमके नावाचा असल्याने व्हाया नावाच्या साधनातून कुठलं बटण काय करेल ते थेट चिपमध्येच लिहिता येतं. एकदा लिहिलं की मशीन कुठलंही असो.

लॉजिटेकच्या कीबोर्डांसाठी सोलार हे मुक्त साधन घ्या. त्यात कीबोर्ड निवडला की, मॉडेलला ती सोय असेल तर, फंक्शन बटणांच्या अदलाबदलीचा पर्याय दिसतो. लॉजिटेकच्या बऱ्याच मॉडेल्सवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबूनही हे होतं, म्हणून आधी ते करून बघा. लेनोव्होच्या ट्रॅकपॉइंटवाल्या सुट्या कीबोर्डलाही एफएन-एस्केप चालतं, आणि त्यांच्या एचआयडी-लेनोव्हो ड्रायव्हरने एसवायएस मधल्या त्या उपकरणाच्या फोल्डरमध्ये एफएन_लॉक नावाची फाइल ठेवलेली असते. तिच्यात ० किंवा १ लिहायचं, पद्धत वरचीच.

नोम किंवा केडीईच्या सेटिंग्जमध्ये यातलं काही मिळणार नाही, शोधू नका. त्यांच्यापर्यंत बटण पोहोचतं तेव्हा त्याचं म्यूट होऊन गेलेलं असतं. लॅपटॉपच्या बायोसमधला फंक्शन बटणांचा पर्याय फक्त लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डपुरता.

एकाच मशीनवर दोन कीबोर्ड

एफएनमोडचा आकडा ड्रायव्हरचा असतो, कीबोर्डचा नव्हे. त्या मशीनला खरा ॲपल कीबोर्डही लावत असाल तर २ केल्यावर त्याचीही वरची ओळ पालटेल. प्रत्येक कीबोर्डचा वेगळा विचार फक्त ३ वर होतो, आणि तोही तुमच्या कीबोर्डचं नाव यादीत असलं तरच. म्हणून नाव यादीत असेल आणि कर्नल नवा असेल तर ३ ला हात लावू नये हे उत्तम.

बुधवारी भावाचा परत फोन. ऑफिसमध्ये टेबलावर ॲपलचा जुना कीबोर्ड असतो, तिथे लॅपटॉप जोडला तर आता आवाज कमी करायला एफएन धरावं लागतं, आणि ते त्याला आवडेना. त्याला एका अक्षराचं फंक्शन लिहून दिलं, जे वरची इको-टी-ई-ई ची कमांड चालवतं. घरी 'एफ २', ऑफिसात 'एफ १'. पहिल्या दिवशी त्याने घरी १ टाकलं आणि बॅलन्स शीट भरताना दर सेलला स्क्रीन उजळवत बसला.